हाती रक्कम, डोक्यावर भार

इंग्लंडमध्ये पात्र ठरलेल्या मनोरुग्णांना व बौद्धिक अपंगांना देखभालीसाठी वैयक्तिक अंदाजपत्रक मंजूर होते. ती रक्कम थेट हाती घेऊन मदतनीस नेमता येतो. ही मागणी मूळची अपंगांच्या चळवळीची. बंदिस्त संस्थांतील लाचारीविरुद्धचे ते न्याय्य बंड होते. १९९६ साली हुजूर सरकारने त्याचा कायदा केला आणि बंडाचे रूपांतर बाजारातील खरेदीत झाले. एप्रिल २०१५ पासून हे अंदाजपत्रक कायद्याने बंधनकारक ठरले; आणि त्याच वर्षी ३० जूनला तीव्र अपंगांसाठी १९८८ पासून चालत आलेला ‘स्वतंत्र जीवन निधी’ कॅमेरन राजवटीने बंद केला! निवडीचे स्वातंत्र्य द्यायचे आणि निवडण्याजोगे काही उरू द्यायचे नाही, असा हा उदारमतवाद. २०१० नंतर स्थानिक स्वराज्य संस्थांची अनुदाने छाटली गेली. मदतनीस शोधण्याचा व हिशेब ठेवण्याचा भार मात्र रुग्णावर किंवा थकल्याभागल्या आईवर पडला. मदतनीस स्त्रीही परक्या घरात एकटी, संघटनेविना राबते. रक्कम अवश्य हाती द्यावी. परंतु ती गरजेइतकी असावी आणि तिच्यामागे सार्वजनिक सेवा भक्कम उभी असावी. एरवी ही योजना म्हणजे राज्यसंस्थेने आपल्या कर्तव्यातून करून घेतलेली स्वस्त सुटका होय!