मुलगा मगरिबनंतर कुठे असतो?

मोरा बंदरात मुंबईच्या लाँचची वाट पाहत होतो. आठवीनंतर शाळा सुटलेला माझा एक विद्यार्थी दिसला. हातात नवा मोबाईल.

"कुणी घेऊन दिला रे?"

"भाईने, सर. एक पाकीट भाऊच्या धक्क्यावर पोचवलं, बस्स."

पाकिटात काय होतं, त्याला ठाऊक नव्हतं. मुलगा स्वभावाने गरीब. अब्बा मजुरीला, अम्मी घरकामाला, दिवसभर तो मोकळा.

मुंबईने हे पूर्वी पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांची चूल थंडावली, पुढे कित्येक गिरण्या उघडल्याच नाहीत. गिरणगावातली काही मुलं मग टोळ्यांत गेली. गरीब तर सगळेच होते; पण ज्यांची शाळा सुटली, हाताला काम नव्हतं आणि ज्यांच्या गल्लीतच पैसे देणारा 'भाई' होता, ती मुलं आधी अडकली.

शिक्षण हक्क कायद्याची हमी १४ व्या वर्षी संपते. धोका तिथूनच वाढतो. आणि गुन्हा अतिगंभीर असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ वर्षांवरील मुलावरही प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो.

म्हणून पालकहो, नववीचा प्रवेश चुकवू नका. हिशेब न लागणारा पैसा, नवी वस्तू दिसली की चौकशी करा. धमकी येत असेल तर १०९८ वर फोन करा.

त्या मुलाच्या अब्बांना मी भेटलो. जूनमध्ये तो नववीत बसणार आहे. तुमचा मुलगा आज मगरिबनंतर कुठे होता? जेवताना शेजारी बसवून, न रागावता विचारा.