भट्टी आपली, गणित परक्यांचे

पोलादाचा प्रश्न निघाला की चर्चा भांडवल, कोळसा आणि आयात शुल्क यांभोवती फिरते. भट्टीचा आराखडा कोणत्या माहितीवर बेतला, हा प्रश्न अभियंत्यांचा म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः तो अर्थकारणाचाही आहे. झोतभट्टीचे अस्तर एकदा घातले की पंधरा-वीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. आराखड्यातील चूक तेवढा काळ प्रत्येक टनामागे जादा कोक जाळून भरून द्यावी लागते.

भट्टीच्या पोटात डोकावता येत नाही. तळाशी उष्ण हवेचा झोत शिरतो तेथे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. जपानने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काही भट्ट्या पाण्याने थंड करून त्यांतील थर क्रमाक्रमाने उकरून तपासले. खनिज कोठे मऊ होते, वायू कोणत्या वाटेने वर चढतो, हे त्यातून उलगडले आणि संगणकीय प्रतिमानांना प्रत्यक्षाचा आधार लाभला. आज झोताचा वेग, भिंतींचा उतार किंवा खनिज व कोक यांच्या थरांची रचना बदलल्यास काय घडेल, याचा अंदाज वीट रचण्यापूर्वीच घेता येतो.

तथापि प्रतिमानाचे उत्तर त्यास पुरविलेल्या माहितीइतकेच विश्वसनीय असते. आपल्या लोहखनिजात ॲल्युमिनाचे प्रमाण अधिक, त्यामुळे धातुमळी दाट होते. आपल्या कोळशात राख अधिक, म्हणून पोलादासाठी लागणारा कोळसा बहुतांशी आयात करावा लागतो. परदेशी कच्च्या मालावर पारखलेले गणित येथे जसेच्या तसे कसे लागू पडावे?

१९५० च्या दशकात भिलाईसाठी रशियाचे, रूरकेलासाठी पश्चिम जर्मनीचे आणि दुर्गापूरसाठी ब्रिटनचे साहाय्य घेणे अपरिहार्य होते. आज तशी स्थिती नाही. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी उभ्या राहणाऱ्या भट्ट्या पुढील पिढीचा इंधनखर्च ठरविणार आहेत.

म्हणून सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांनी आपल्या भट्ट्यांची तापमाने, वायूंचे पृथक्करण आणि अस्तराच्या झिजेच्या नोंदी देशातील प्रयोगशाळांना व अभियांत्रिकी संस्थांना खुल्या कराव्यात. व्यापारी गुपिताचा आक्षेप येईल. पण आयुष्य संपलेल्या अस्तराच्या नोंदींत गुपित ते काय उरते? जनतेच्या पैशाने उभारलेल्या भट्ट्यांतून निघालेले ज्ञान ही जनतेचीच मालमत्ता आहे. ते कपाटात ठेवून परक्यांकडून आराखडे विकत घेणे, याला काटकसर म्हणता येणार नाही.