रील नको, प्रश्न टाका!

पाटणच्या स्टँडवर कराडच्या एसटीची वाट बघताना तुमच्या हातात मोबाइल असतोच. घरचे म्हणतात, ‘डॉक्टर व्हायचंय ना? मग आधी ते इन्स्टा बंद कर.’ नीटची तयारी चालू असेपर्यंत त्यांचं बरोबरच आहे. पण एकदा एमबीबीएसला नंबर लागला आणि नुसती प्रॅक्टिस न करता शिकवायचं, संशोधन करायचं असं मनात असेल, तर तोच मोबाइल कामाला येतो. फक्त वापरायचा कसा, ते कळलं पाहिजे.

एक जुनं उदाहरण बघा. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीत सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला होते. लाल विंचू चावलेले पेशंट डोळ्यांसमोर दगावत होते आणि पुस्तकात नेमका उपाय सापडत नव्हता. त्यांनी पेशंटजवळ बसून लक्षणं टिपली. १९८२ मध्ये ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर गुणकारी ठरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा ना इंटरनेट होतं, ना पाठीशी मोठ्या कॉलेजचं नाव. होतं ते पोस्ट ऑफिस आणि नीट लिहून ठेवलेल्या नोंदी.

मुंबई-पुण्यातल्या डॉक्टरांच्या मुलांना ओळखी घरातच मिळतात. कोणत्या सरांकडे जायचं, कोणत्या परिषदेत पोस्टर लावायचं, हे जेवताना कानावर पडतं. ढेबेवाडीच्या किंवा मोरगिरीच्या मुलीला ते कोण सांगणार? ही उणीव सोशल मीडिया थोडी तरी भरून काढतो. २०१४ मध्ये डॉ. जोएल टॉफ आणि डॉ. स्वप्निल हिरेमठ यांनी ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, ‘नेफजेसी’ सुरू केलं. किडनीविकारावरचा एखादा नवा पेपर घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याची चिरफाड करायची. तिथे प्रश्न विचारणाऱ्याला कुणी गाव विचारत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? प्रोफाइलवर खरं नाव आणि कॉलेज लिहा. ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी नंबर फुकट मिळतो, तो काढून ठेवा. म्हणजे शंभर पाटलांच्या गर्दीत तुमचे पेपर हरवणार नाहीत. एखादा पेपर पूर्ण वाचा आणि लेखकाला एकच नेमका प्रश्न विचारा. ‘सर, प्लीज गाइड करा’ असला मेसेज नको. बरेचजण उत्तर देणार नाहीत. नाही तर नाही! एकानं दिलं, तरी दार उघडलं.

एक गोष्ट मात्र आत्ताच पक्की करा. पेशंटच्या जिवावर लाइक मिळवायचे नाहीत. चेहरा ब्लर केला की झालं, असं वाटतं. पण आपल्या तालुक्यात ‘कोयना भागातली, भात कापताना साप चावलेली बाई’ एवढं लिहिलं, तरी संध्याकाळपर्यंत तिच्या भावकीला कळतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ च्या नियमावलीत डॉक्टरांनी पेशंटचे फोटो टाकू नयेत, लाइक-फॉलोअर विकत घेऊ नयेत, असं सांगितलं होतं. ती नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली. पण त्या बाईनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर आणायची नाही, हे कळायला नियम कशाला हवा?

आणि हो, प्राध्यापकाच्या बढतीत छापलेले पेपर मोजतात, फॉलोअर नाही. सोशल मीडिया तुम्हाला माणसांपर्यंत नेईल. काम तुमचं तुम्हालाच करावं लागेल. बावस्करांनी आधी पाहिलं, मग लिहिलं, मग पाठवलं. पाठवणं आता सोपं झालंय. पाहणं आणि लिहिणं तेवढंच अवघड राहिलंय.

एसटी यायला अजून वेळ आहे. तेवढ्यात एक पेपर वाचून होईल. रील काय, नंतरही बघता येईल!