पर्यवेक्षकाविना परीक्षा

अमेरिकेत पॅसाडेना येथे १८९१ साली स्थापन झालेली 'कॅलटेक' ही खाजगी संस्था. १९६१ ते १९६३ या काळात रिचर्ड फाइनमन यांनी पदवीच्या नवख्या विद्यार्थ्यांना भौतिकी शिकवली ती येथेच. कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी येथलेच प्राध्यापक. पदवीचे विद्यार्थी मात्र सुमारे हजारच. आपल्याकडच्या एखाद्या शाळेत याहून अधिक मुले असतात!

तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी नोबेल पारितोषिके मोजत बसू नये. मला महत्त्वाची वाटते ती तेथली परीक्षा. अनेक विषयांची प्रश्नपत्रिका विद्यार्थी खोलीवर नेतो आणि स्वतःच घड्याळ लावून सोडवतो. वेळ संपली की लेखणी खाली. पहारा कोणाचाच नाही. दुसऱ्या कोणाचा गैरफायदा घ्यायचा नाही, एवढा एकच नियम. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही भौतिकी व गणित चुकत नाही, पण पहिल्या दोन सत्रांत उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढीच नोंद होते.

मी वीस वर्षे परीक्षागृहात येरझारा घालीत आलो आहे. असा प्रयोग करावासा वाटतो आणि धीर होत नाही. दोष मुलांचा की माझा? शिक्षकमित्रांनो, दहा गुणांची एखादी चाचणी तरी वर्गाबाहेर थांबून घेऊन पाहू या. येत्या सत्रात मी सुरुवात करणार आहे.