तालमीची जागा कोठे?

मुंबईच्या बहुरंगी संस्कृतीचे गोडवे गाण्याची संधी आपले पुढारी सहसा दवडत नाहीत. एखाद्या महोत्सवाचे उद्घाटन असले की व्यासपीठावर कोळीनृत्य, लावणी, गरबा, भांगडा यांची क्रमवार हजेरी लागते, टाळ्या होतात आणि पाहुणे मोटारीत बसून निघून जातात. या सोहळ्यांना आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु वर्षातून एकदा पंधरा मिनिटे नाचणारी ही मंडळी उरलेले दिवस तालीम कोठे करतात, हा प्रश्न त्या व्यासपीठावरून कधी विचारला जात नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र तोच प्रथम सुचतो. कारण कला ही जशी भावनेची बाब आहे, तशीच ती जागेची, वेळेची आणि वर्गणीचीही आहे.

लालबाग, परळ, शिवडी, वरळी, नायगाव या गिरणगावाचे उदाहरण पाहावे. येथे कोकणातून आणि घाटावरून माणसे आली ती पोटासाठी; कलेचे प्रदर्शन मांडण्यासाठी नव्हे. एकेका गावाच्या मंडळाने वर्गणी काढून भाड्याने घेतलेल्या खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत, आणि त्याच खोलीत मृदंग टांगलेला असे. भजने, नमन, दशावतार, जाखडी ही सारी त्या खोल्यांतून शहरात आली. शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सामने रात्र रात्र चालत. गोव्याहून आलेल्या दर्यावर्दींनी आणि आचाऱ्यांनी गावोगावच्या 'कूडां'त हेच केले; गोमंतकीय ख्रिस्ती समाजाचे जे तियात्र आज गोव्याची ओळख मानले जाते, त्याचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात.

या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचा मोह टाळला पाहिजे. गावच्या खोलीबरोबर गावची उतरंडही मुंबईत येई, आणि कोणाच्या पंगतीत कोणी बसावे हे येथेही ठरलेलेच असे. आंबेडकरी जलसा हा त्या उतरंडीला दिलेला जबाब होता. भीमराव कर्डकांनी उभा केलेला जलसा आणि पुढे वामनदादा कर्डकांची गाणी ही कोणाच्या करमणुकीसाठी जन्मलेली नव्हती. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा त्यांनी तमाशाचाच साचा घेतला. मात्र गणगौळणीच्या जागी मजूर, सावकार आणि मालक आणून उभे केले. ज्याला आपण आज कौतुकाने विविधता म्हणतो, ती त्या काळी बऱ्याच अंशी परस्परांशी घातलेला वाद होती. वाद घालायला मात्र एकत्र यावे लागते, आणि एकत्र यायला जागा लागते.

ही जागा गिरणगावात जवळजवळ फुकट मिळत होती. चाळीचे पटांगण, गच्ची, व्यायामशाळा यांना भाडे नव्हते. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगारांच्या नाटकांना, नमन-जाखडीला घरासारखे होते. १९५३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाने केंद्रे उघडली, नाट्यस्पर्धा भरविल्या. दुसरी पाळी सुटल्यावर चालत दहा मिनिटांत तालमीला पोहोचता येई, ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण कलेच्या अर्थकारणात ती निर्णायक होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे आयुष्य उलटेपालटे केले, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने जमिनीची गोष्ट कमी सांगितली जाते. मुंबईतील गिरण्यांखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियमांनी तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी अशी वाटणी सुचविली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. सार्वजनिक वाटा आक्रसला. ज्यांनी पटांगणात पखवाज वाजविला त्यांची मुले विरार, बदलापूर, डोंबिवलीकडे गेली. दामोदरही २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थव्यवहारावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील सूत्र साधे आहे. कारखान्यात यंत्र सुधारले की तेवढ्याच माणसांकडून अधिक माल निघतो. परंतु शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागतो. इतरत्र वेतने वाढत जातात आणि कला तुलनेने महाग होत जाते. हौशी मंडळांच्या बाबतीत या विवेचनाला एक पुरवणी जोडली पाहिजे. येथे वेतनच नसते. त्यामुळे महागाई येते ती जागेच्या भाड्यातून आणि प्रवासाच्या तासांतून. रोज चार तास लोकलमध्ये घालविणाऱ्या कारकुनाला तालमीचे दोन तास काढणे म्हणजे झोपेतून कर्ज काढणे होय.

यावर असे सांगितले जाते की आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे, अभिव्यक्तीला जागा कशाला हवी? धारावीतील मुले मराठी, तमिळ, हिंदी अशा भाषांत रॅप रचतात आणि ते घरबसल्या जगभर पोहोचते, हे खरे आहे. त्या सवाल-जवाबांत जुन्या कलगी-तुऱ्याची ठसक ऐकू येते असे मला तरी वाटते. माझे विद्यार्थी या मताला हसतात. पण तीही मुले गल्लीच्या तोंडाशी घोळक्याने उभी राहूनच शिकली. पडद्यावर दिसते ते तयार फळ. झाड गल्लीतच असते, आणि आता धारावीचाही पुनर्विकास व्हायचा आहे.

पुनर्विकासाला विरोध करणे हा माझा हेतू नाही. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर मिळते, याला नाके मुरडण्याचा अधिकार बाहेरच्या रसिकाला नाही. परंतु नव्या इमारतीत वाहनतळ किती मजली असावा याचा जितका खल होतो, त्याच्या दशांशानेही आवाज करता येईल अशा एका खोलीचा होत नाही. चाळीत पखवाज हा शेजाऱ्याचा नाद होता. नव्या इमारतीत ती तक्रार ठरते. पुनर्विकासाच्या मंजुरीतच तालमीच्या दालनाची अट घालणे अवघड नाही.

अनुदानांविषयी मी साशंक आहे. अनुदानाबरोबर समिती येते, समितीबरोबर पसंती येते, आणि जलशासारखी टोचणारी कला त्या पसंतीत क्वचितच बसते. नाटकाची संहिता आधी तपासून घेण्याची आपली रीत पाहिली तर ही शंका अवाजवी वाटणार नाही. जागा मात्र आशय विचारत नाही. कामगार कल्याण मंडळाचा पाया नोंदणीकृत आस्थापनेच्या हजेरीपटावर आहे. ज्याचे नावच कोठल्या पटावर नाही, त्या घरपोच सामान देणाऱ्या मुलाला मंडळाच्या केंद्राचे दार कसे उघडायचे, याचा विचारही झाला पाहिजे.

याहून सोपा उपाय महापालिकेच्या हाती आहे. तिच्या ज्या शाळांना सभागृहे आहेत, ती सायंकाळी सात ते दहा या वेळात वस्तीतील नोंदलेल्या मंडळांना नाममात्र शुल्कात, आळीपाळीने द्यावीत. आज वस्तीतील मंडळाला तेवढ्यासाठीही ओळखीच्या माणसाची चिठ्ठी शोधावी लागते. नव्या प्रथेला लागणार आहे एक वेळापत्रक, विजेचे बिल आणि किल्ली सांभाळणाऱ्या शिपायाचा तीन तासांचा जादा भत्ता. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रभागात अशी एक शाळा निवडली, तरी अंदाजपत्रकात तो खर्च शोधण्यासाठी भिंग लागेल.