भीमा कोरेगाव प्रकरणातला निनावी जागल्या

जून २०२२ मध्ये 'वायर्ड' या अमेरिकी मासिकाने एक बातमी दिली. तिची आपल्याकडे व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणातील तीन आरोपी, रोना विल्सन, वरवरा राव आणि हनी बाबू, यांची ईमेल खाती २०१८ आणि २०१९ मध्ये फोडली गेली होती. फोडणाऱ्याने त्या खात्यांत रिकव्हरीसाठी एक नवा ईमेल पत्ता आणि एक मोबाइल नंबर जोडून ठेवला होता. असे केले की मूळ मालकाने पासवर्ड बदलला तरी चोराला पुन्हा आत शिरता येते. बातमीनुसार त्या ईमेल पत्त्यात, या तपासाशी जवळून संबंध असलेल्या पुणे पोलिसांतील एका अधिकाऱ्याचे पूर्ण नाव होते.

ही माहिती बाहेर आणली ती एका ईमेल कंपनीतल्या सुरक्षा विश्लेषकाने. त्या व्यक्तीचे नाव छापले गेले नाही, कंपनीचेही नाही. एरवी आम्ही असे काही सांगत नाही, पण इथे निशाण्यावर दहशतवादी नाहीत, मानवी हक्क कार्यकर्ते आणि पत्रकार आहेत, हे बघवत नाही, अशा अर्थाचे कारण तिने दिले.

मराठी वृत्तपत्रे अशा माणसाला 'जागल्या' म्हणतात. गावचा जागल्या मात्र सगळ्यांना ठाऊक असे. हा अंधारातच राहिला. मग त्याच्यावर विश्वास का ठेवायचा?

हा प्रश्न शत्रूपक्षाचा आहे असे समजून झटकू नका. 'आतल्या गोटातून कळले' म्हणून आपल्याही ग्रुपवर रोज काय काय फिरते, ते आपण पाहतोच. निनावी माणसाच्या शब्दाला स्वतःचे वजन नसते. त्याने दिलेली वस्तू दुसऱ्या कोणाला तपासता येते का, यावर सगळे ठरते. इथे ती तपासली गेली. सेंटिनेलवन या कंपनीच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२२ मध्येच, किमान २०१२ पासून भारतातील कार्यकर्ते, वकील, प्राध्यापक यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या एका टोळीचा माग प्रसिद्ध केला होता आणि तिला 'मॉडिफाइड एलिफंट' असे नाव दिले होते. विश्लेषकाची माहिती त्या मागाशी जुळली. टोरांटोच्या सिटिझन लॅबमधील संशोधकाने आणि आणखी एका स्वतंत्र संशोधकाने तो पत्ता व नंबर कोणाचा, याचा आपापल्या परीने शोध घेतला. पुणे पोलिसांनी मासिकाच्या विचारणेला उत्तर दिले नाही.

त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीने बचाव पक्षासाठी विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासली होती. २२ महिन्यांहून अधिक काळ त्या लॅपटॉपवर 'नेटवायर' हे घुसखोर सॉफ्टवेअर होते आणि आरोपाचा आधार असलेली पत्रे त्यातूनच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकांबाबतही तसाच निष्कर्ष निघाला. स्टॅन स्वामींबाबतचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला, तेव्हा त्यांना कोठडीत असतानाच जाऊन दीड वर्ष होत आले होते. एनआयएने हे अहवाल मान्य केलेले नाहीत. त्यांची खरी छाननी न्यायालयातच व्हायची आहे. फक्त आर्सेनलने आपले नाव खाली लिहून अहवाल दिला, आणि ईमेल कंपनीतल्या माणसाला ते करता आले नाही, हा फरक लक्षात ठेवा.

त्या व्यक्तीने ग्राहकांच्या गोपनीयतेचा नियम मोडला का? कागदावर कदाचित मोडला. पण खाते त्या तिघांचे होते आणि घुसखोर परका होता. शिवाय सगळा साठा इंटरनेटवर ओतून दिला गेला नाही. जेवढे तपासायला लागते तेवढेच, तपासू शकणाऱ्याच्या हाती दिले. मासिकानेही अधिकाऱ्याचे नाव छापले नाही. मला हा संयम त्या धाडसाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र टोचते. मोबाइल नंबर कोणाचा हे शोधताना ट्रूकॉलरच्या आणि एका नोकरीविषयक संकेतस्थळाच्या फुटलेल्या डेटाचा वापर झाला. तसल्या साठ्यात तुमचा-माझाही नंबर असू शकतो. एक नोंद पडताळणे आणि साठा वाटत सुटणे यांत फरक आहे, हे मान्य. तरी चोरीच्या मालावर चोर पकडावा लागतो, याला कारण असे की ज्यांनी तपास करायचा त्यांच्यावरच संशय आहे.

आपला कायदा अशा माणसाला काय देतो? बिहारमधल्या महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. नाव गुप्त राहिले नाही, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर अकरा वर्षांनी, २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, पण तो लागूच केला गेला नाही. लागू झाला असता तरी निनावी तक्रार त्यात चालत नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ आणि ६६ परवानगीशिवाय संगणकातला डेटा घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात पाठवू शकतात. जानेवारी २०१८ मध्ये ५०० रुपयांत आधारचा तपशील मिळतो हे 'द ट्रिब्यून'ने दाखवले, तेव्हा एफआयआरमध्ये वार्ताहराचेच नाव आले.

आणखी एक अडचण आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सहीचे प्रमाणपत्र लागते. निनावी माणूस सही कशी करणार? म्हणजे ही माहिती वर्तमानपत्रात पुरावा ठरते, न्यायालयात नाही. ती तिथे न्यायची तर ईमेल कंपनीकडूनच लॉगिनच्या नोंदी मागवाव्या लागतील, आणि त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागेल. अशा नोंदी कंपन्या कायम ठेवत नाहीत. म्हणून 'नोंदी जपून ठेवा' ही मागणी वकिलांनी प्रकरण सुरू होताच, पहिल्या अर्जात करायची असते. खटला उभा राहायची वाट पाहिली तर हाती काही लागणार नाही.

हिंजवडी किंवा ऐरोलीत अशा नोंदी सांभाळणाऱ्या टेबलांवर आज आपली मुले-मुलीही बसतात. त्यांच्यासमोर असे काही आले तर पहिला फोन वकिलाला करावा, पत्रकाराला किंवा ग्रुपला नंतर. आणि बाकीच्यांनी आजच आपल्या ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरीचा पत्ता आणि नंबर आपलाच आहे ना, ते बघून घ्यावे. दोन मिनिटे लागतात. अनोळखी काही दिसले तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा.