जमीन ‘वाटप’ होत नसते



तालुक्याला वनपट्ट्यांचा कार्यक्रम असतो तेव्हा मंडपाच्या तोंडाशी पाटी लावतात : ‘लाभार्थ्यांना वनपट्टे वाटप’. आपली माणसं सकाळपासून उपाशी बसतात. नाव पुकारलं की जातात, कागद घेतात, साहेबाच्या पाया पडतात आणि पाड्यावर येऊन सांगतात, “सरकारनं जमीन दिली.”

दिली? कोणाची जमीन कोणी कोणाला दिली?

२००६ च्या कायद्याचं पूर्ण नाव एकदा ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वन निवासी (वन हक्कांची मान्यता) अधिनियम’. त्यात वाटप हा शब्द नाही. मान्यता आहे. जे आधीपासून आहे त्यालाच मान्यता देतात. रेशनचा तांदूळ वाटतात, हक्क वाटत नाहीत. आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाला हेसुद्धा त्याच कायद्यात सुरुवातीला लिहिलंय. मग ज्यानं अन्याय केला तोच हार घालून घेतो आणि ज्याच्यावर झाला तो लाभार्थी होतो, हे कसं?

काही जण म्हणतात, शब्दाचा कीस काढून काय होणार, आधी जमीन तर पदरात पडू दे. त्यांना सांगतो, आपली जमीन आधी शब्दानंच गेली. बंदूक मागून आली.

इंग्रजांच्या देशात फॉरेस्ट म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखलेली जागा. तिथल्या लोकांनी भांडून १२१७ साली राजाकडून लिहून घेतलं की गुरं चारणं, सरपण आणणं हा आमचा हक्क. आपल्याकडे येताना त्यांनी फॉरेस्ट तेवढं आणलं, १२१७ चा कागद घरी ठेवला. बेडन-पॉवेल नावाचा त्यांचा एक साहेब होता. त्याचं म्हणणं असं की जंगलातल्या लोकांना हक्क नाहीतच, राज्यकर्त्याच्या मर्जीनं मिळालेल्या सवलती आहेत. १८७८ चा जंगल कायदा याच विचारानं झाला आणि पुढे १९२७ चा. राखीव जंगलात गुरं चारणं गुन्हा, शेतीसाठी जमीन फोडणं गुन्हा, नुसतं आत शिरणंही गुन्हा. हक्काची सवलत झाली, सवलतीचा गुन्हा झाला. बापजाद्यापासून नागली-वरई पिकवणारा माणूस एका ओळीत ‘अतिक्रमणदार’ झाला. अतिक्रमण म्हणजे हद्द ओलांडून जाणं. हद्द कोणी आखली? आपण होतो तिथंच आहोत, हद्दच आपल्या अंगावरून गेली.

आता सत्तेचे शब्द बघा. इंग्रजीतल्या ‘पॉवर’चं मूळ ‘करू शकणं’ हे आहे. आपण मात्र म्हणतो, “रेंजर साहेबाला लय पॉवर आहे.” म्हंजे करू शकणारा तो, आपण नाही. ‘सरकार’ हा फारसी शब्द. सर म्हणजे डोकं, कार म्हणजे काम. डोकं वर बसलेलं आणि हातपाय खाली, असं आपल्या मनात बसलंय. ‘सत्ता’ संस्कृतातून आला, त्याचा मूळ अर्थ नुसता ‘असणं’. जो आहे त्याची सत्ता. त्या अर्थानं जंगलात आपल्याइतकी सत्ता कोणाची? आणि ‘हक्क’ हा अरबी शब्द, त्याचा एक अर्थ सत्य. म्हणून हक्क मागायचा नसतो, सांगायचा असतो. खरं बोलायला परवानगी लागत नाही.

आपल्या भावंडांच्या भाषेतही बघा. झारखंडातले मुंडा लोक ‘खुंटकट्टी’ म्हणतात. ज्या कुळानं पहिल्यांदा रान साफ करून गाव वसवलं, त्या कुळाची ती जमीन. राजाची सही नाही, शिक्का नाही. घाम हाच शिक्का. त्यासाठी बिरसा मुंडांनी उलगुलान केलं आणि १९०० साली ते रांचीच्या तुरुंगात गेले. पण १९०८ च्या छोटानागपूर कायद्यात इंग्रजांना ‘खुंटकट्टी’ हा मुंडांचाच शब्द लिहावा लागला. ओडिशाचे डोंगरिया कोंध आपल्या डोंगराच्या देवाला ‘नियमराजा’ म्हणतात. नियम डोंगर देतो, कचेरी नाही. २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं तिथं बारा ग्रामसभा बसल्या. बाराच्या बारांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. आणि आपल्याच गडचिरोलीत मेंढा-लेखाचे गोंड म्हणाले, ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य. २००९ साली अठराशे हेक्टरवर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तकही ग्रामसभेच्या हातात आलं. आधी शब्द त्यांचा होता, मग पास त्यांचा झाला.

आणि आपल्याकडे? आपण जमीन ‘कसतो’. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा सगळ्या महाराष्ट्रानं दिली. १ एप्रिल १९५७ ला कुळांसाठी कृषक दिन झाला. सावकाराच्या जमिनीला लावलेला नियम सरकारनं आपल्या ताब्यातल्या जंगलजमिनीला मात्र लावला नाही. तिथं कसणारा चोर.

एक गोष्ट आपल्या घरातली पण बोलली पाहिजे. बाई नवऱ्याला ‘मालक’ म्हणते. लावणी ती करते, निंदणी ती करते, मोह ती वेचते. वारल्यांचं लग्न धवलेरीशिवाय लागत नाही. पण जमिनीचा विषय निघाला की “मालकाला विचारा.” कायदा सांगतो, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं झाला पाहिजे. फॉरेस्टवाल्याला विचारायचं की मालक कोण, आणि घरात तोच शब्द चालवायचा, हे जमणार नाही.

शब्द बदलला की काय बदलतं ते सांगतो. दोन एकर कसणाऱ्याच्या कागदावर वीस गुंठे येतात. ज्याला दान मिळालं असं वाटतं तो गुंठे मोजत नाही, मिळालं तेवढं बरं म्हणतो. ज्याला हक्क माहीत आहे तो विचारतो, माझे बाकीचे साठ गुंठे कुठं गेले? दावा नामंजूर झाला की लाभार्थी नशिबाला दोष देतो. हक्कदार लेखी कारण मागतो आणि साठ दिवसांत वरच्या समितीकडे जातो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, हे तो गार्डाच्या तोंडावर सांगतो.

म्हणून येत्या ग्रामसभेत हे ठरवा :

‘अर्ज’ म्हणू नका, ‘दावा’ म्हणा. कायद्यातही दावाच आहे.

‘अतिक्रमण’ हा शब्द आपल्या कुठल्याही कागदावर, ठरावात येऊ देऊ नका. पंचनाम्यात तो दिसला तर अंगठा नाही, सही नाही.

‘पट्टा मिळाला’ म्हणू नका, ‘हक्क मान्य झाला’ म्हणा. आणि मान्य किती झाला ते मोजा.

म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या, त्यांच्याच बोलीत. जुनं घर, बांध, विहीर, देवाचं ठिकाण, मसणवटा, सगळ्यांची नावं टाका. नियमात तो पुरावा धरलाय. आपण ठेवलेली नावं हाच आपला सातबारा.

आणि मंडपात गेलात तर कागद ताठ मानेनं घ्या. पाया पडायचं तर जमिनीच्या पडा. तिनं दिलंय.

जोहार. जिंदाबाद.